अकराशे सोळा नंबरचं दार

“म्हणजे घर तुझं, किल्ली तुझी, आणि तुलाच आत घेत नाहीत?”

वीरभद्रदासू उजव्या पायात घुंगरू बांधत होते. मांडवाच्या मागे जुन्या साड्यांचा आडोसा करून केलेल्या त्या खोलीत उकाडा मरणाचा होता. समोर पालथ्या घातलेल्या पिंपावर लॅपटॉप ठेवून त्यांचा मुलगा जोगाराव मानेवरचा घाम पुसत होता.

“घर इस्पितळाचं आहे, नान्ना. मी नुसता राखणदार.”

“मग राखणदाराला कोण अडवतं?”

“दुसरा राखणदार.”

दासू हसायला गेले आणि हसू घशात अडकून त्याचा खोकला झाला. पडद्याआडून कनकम धावत आली. हातात कोमट पाण्याचा तांब्या.

“मामय्या, बोलू नका म्हटलं ना. कथेपुरता ठेवा आवाज.” आणि नवऱ्याकडे वळून, “अहो, तुम्ही तरी त्यांना बोलायला लावू नका. आजच्या दिवशी तरी ते डबडं बंद करा.”

“झालंच. पाच मिनिटांचं काम आहे.”

“तुमची पाच मिनिटं मी लग्नापासून बघतेय.”

कोव्वूरच्या रामालयापुढे दर रामनवमीला मांडव पडतो आणि त्यात वीरभद्रदासूंची हरिकथा होते, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. दासूंचे वडीलही याच मांडवात उभे राहायचे. यंदा मात्र बायकापोरं दुपारपासूनच जागा धरून बसली होती, कारण बातमी फुटली होती. दासूंच्या घशात गाठ होती. सोमवारी विशाखपट्टणच्या डॉक्टरांनी बोलावलं होतं, आणि गाठीबरोबर आवाजाची पेटीही जाणार होती. आजची कथा करू नका असंही डॉक्टर म्हणाले होते. दासूंनी त्यांना हात जोडून सांगितलं, “आवाज जायचाच आहे ना, मग ज्याचा आहे त्याच्या पायाशी ठेवून येतो.”

जोगाराव त्यांचा एकुलता एक. कुळाची विद्या त्याच्याकडे यायची होती, पण देवाने त्याला सूर दिला नाही. ताल दिला तोही अर्धवट. तो कॉम्प्युटर शिकला आणि नदीपलीकडे राजमहेंद्रवरमला डोळ्यांच्या एका धर्मादाय इस्पितळात सर्व्हर सांभाळायला लागला. त्याला तिथे वीस वर्षं होत आली होती. कुणाच्या डोळ्यात भिंग बसलं, कुणाला दिसायला लागलं, याचे फोटो इस्पितळाच्या भिंतीवर लागायचे. सर्व्हरचा फोटो कोण लावतो? तो बंद पडला की जोगारावची आठवण व्हायची, आणि तो नेमका कथेच्या दिवशी बंद पडायचा. कार्यालयातून निघून पूल ओलांडून तो मांडवात पोचेपर्यंत तबकात कापूर पेटलेला असायचा. त्यावरून दासू भर मांडवात त्याची थट्टा करायचे, “हे बघा, आले आमचे मंगळारतीचे भक्त!” लोक हसायचे. जोगारावही हसायचा, आणि ज्योतीवर तळवे धरून डोळ्यांना लावायचा.

आज सकाळी देवाला नमस्कार करून वाकताना तो वडिलांना म्हणाला होता, “आज मी पहिल्या श्लोकापासून बसणार नान्ना. पहिल्या रांगेत.”

दासूंनी फक्त भुवई वर केली होती. पण मग अंघोळीला जाताना ते गुणगुणत गेले, हे कनकमने ऐकलं होतं.

काम खरोखरच पाच मिनिटांचं होतं. सर्व्हरवर दुरून काम करायला एक दार असतं. त्या दाराला नंबर असतो, आणि जगभर तो बावीसच असतो. चोरांनाही तो पाठ असतो. गेले कित्येक दिवस कुठले कुठले लोक रात्रंदिवस त्या दारावर धडका देत होते. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सोमवारी तपासनीस येतायत, त्याआधी दाराचा नंबर बदला. जोगारावने आठवडाभर ते आज करू, उद्या करू म्हणून ठेवलं. वडिलांचे रिपोर्ट, विशाखपट्टणच्या फेऱ्या, यातच आठवडा गेला. आता उद्या पहाटे निघायचं होतं. म्हणजे आजच.

नवा नंबर त्याने ठेवला होता अकराशे सोळा.

“असा कसा रे नंबर?” दासूंनी विचारलं.

“तुमचाच आहे. संभावनेचा.”

गोदावरीकाठी कथेकऱ्याला, पुरोहिताला, नव्या नवरानवरीला शून्यावर संपणारं काही देत नाहीत. एकशे सोळा, अकराशे सोळा. तबकात पानसुपारीवर ठेवलेला तो आकडा बघतच जोगाराव वाढला होता. दासूंचे डोळे ओले झाले. पण तोंडाने ते म्हणाले, “म्हणजे इथल्या कुठल्याही चोराला पहिल्या फटक्यात कळणार.”

फाइलमध्ये बावीस खोडून अकराशे सोळा लिहिलं, ते दार चालवणारी लॉगिनची सेवा बंद करून पुन्हा चालू करायला गेला, तर ती उठेचना. पडद्यावर एकच ओळ. सेवा अकराशे सोळाशी जोडता येत नाही, परमिशन डिनाइड. तो त्या यंत्राचा सर्वांत वरचा मालक म्हणून आत बसला होता. त्याच्याहून मोठा अधिकार त्या यंत्रात कुणाला नव्हता. तरी नाही म्हणजे नाही. नशीब की आधीच उघडलेली त्याची जुनी खिडकी अजून जिवंत होती.

त्याने इम्मानुएलला फोन लावला. इम्मानुएल इस्पितळात त्याचा जोडीदार. आज तो काकिनाड्याला पुतणीच्या लग्नात होता, मागे बँड वाजत होता.

“अन्नय्या, एसई-लिनक्स असणार!” इम्मानुएल ओरडून बोलत होता. “तो आतला पहारेकरी. त्याला झोपव की. एक कमांड. सगळे तेच करतात.”

“आणि उठवायचा कधी?”

“उठवतंय कोण? माझ्या आधीच्या कंपनीत तीन वर्षं झोपला होता, घोरत होता. काही बिघडलं नाही.”

“म्हणूनच ती तुझी आधीची कंपनी आहे.”

“बरं बाबा, तू हरिश्चंद्राच्या घरचा. मग त्याची वही वाच, तो काय म्हणतोय ते. मी चाललो, केक कापतायत.”

जोगारावने पहारेकऱ्याची नोंद उघडली. बिचारा आपलं काम करत होता. त्याच्याकडे यादी होती, कुठल्या कामाला कुठलं दार. लॉगिनच्या सेवेपुढे बावीस लिहिलेलं होतं. तीच सेवा आज अकराशे सोळाशी येऊन उभी राहिली, तर तो कसा सोडेल? मालकाने पाठवलंय म्हणाली, तरी यादीत नाही. यादीत नाव घालणं एवढंच करायचं होतं. पण यादीत लिहिण्याचं अवजार त्या यंत्रावर नव्हतंच. ते आधी उतरवून घ्यावं लागलं, आणि मांडवातल्या सगळ्या पोरांनी मोबाइलवर चित्रपट लावलेले असताना ते गोगलगायीसारखं येत राहिलं.

दासू कपाळावर नाम ओढत आरशात त्याच्याकडे बघत होते.

“आज काय लावलंय, माहीत आहे ना?” त्यांनी हळू विचारलं.

“सीताकल्याण.”

“ते दरवर्षी. आज जयविजय. रामायण सुरू कुठून होतं? अयोध्येतून? नाही रे. वैकुंठाच्या दारातून होतं. सनकादिक आले, जयविजयांनी अडवलं, शाप घेतला आणि रावण-कुंभकर्ण होऊन जन्माला आले. तेव्हा कुठे रामाला यावं लागलं.” ते थांबले, घोट घेतला. “लोक त्यांना वाईट म्हणतात. मला लहानपणापासून त्यांची दयाच येते. आत एवढी नारदाची वीणा चाललीये, आणि यांची पाठ त्याच्याकडे. तोंड बाहेर.”

“मामय्या!” कनकम म्हणाली.

“हो गं, गप्प बसतो.”

अवजार आलं. जोगारावने यादीत ओळ घातली. अकराशे सोळा, लॉगिनचं दार. सेवा पुन्हा उठवली आणि ती उठली. हिरवं अक्षर दिसलं.

“नान्ना, पटवला पहारेकऱ्याला!”

“एकालाच?” दासू उभे राहिले. घुंगरू खणखणले. “अरे, दोघं असतात ते. एकट्या जयाचं नाव कधी ऐकलंस का माझ्या तोंडून?”

जोगाराव हसला. तेवढ्यात बाहेर मृदंगावर पहिली थाप पडली, पेटीने सूर धरला, आणि मांडवातून ‘गोविंदो हरी’ असा एकच गजर उठला. वडिलांनी चिडता हातात घेतल्या, लाकडी चिपळ्यांच्या त्या जोडीला कपाळ टेकवलं, आणि पडद्यापाशी जाऊन एकदा मागे वळून बघितलं.

या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट एकच. नव्या दाराने एकदा आत जाऊन बघितल्याशिवाय जुनी खिडकी मिटायची नाही. जोगारावने कितीतरी नव्या पोरांना ती शिकवली होती. पण आज मृदंग वाजत होता, वडील वळून बघत होते, आणि त्याने शब्द दिला होता. त्याने लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला.

कनकमने सरकून जागा दिली. तिच्या मांडीवरच्या पिशवीत मोबाइल चालू होता. दासूंना कथा भरून घेतलेली खपत नसे. “डबीतला देव घरी बघा,” म्हणायचे. पण आज तिने चोरून लावलं होतं. जोगारावला तिने पिशवीचं तोंड किंचित उघडून लाल ठिपका दाखवला, आणि दोघं चोरासारखे हसले.

आवाज फाटलेला होता, खोटं कशाला बोलू. वरचे सूर लागत नव्हते. पण ज्यांनी कथा ऐकल्यात त्यांना ठाऊक आहे, कथेकऱ्याचा आवाज गेला तरी कथा जात नाही. जिथे सूर पोचेना तिथे दासू थांबायचे, चिडता वाजवायच्या, आणि ती जागा मांडवातली माणसं मनातल्या मनात म्हणायची. प्रार्थना झाली. वैकुंठाचं वर्णन सुरू झालं. सात दरवाजे, सात महाद्वारं. एकेका द्वाराला दासू एक पाऊल पुढे टाकत, आणि जोगारावला वाटलं, आपण इतकी वर्षं कुठे होतो?

तिसऱ्या महाद्वाराशी त्याच्या खिशातला फोन थरथरला.

रंपचोडवरमहून भूलक्ष्मीचा होता. डोंगरातल्या नेत्रशिबिराची ती नर्स; तिची मापंही याच दाराने सर्व्हरवर जायची, आणि नवा नंबर त्याने तिला सकाळीच कळवला होता. तो वाकून, दोन्ही हातांनी माफी मागत, रांगेतून बाहेर आला.

“अन्नय्या, तुम्ही सांगितलेला नंबर घातला. अकराशे सोळा. नुसतं गोल गोल फिरतंय.”

“पुन्हा करून बघ, अम्मा.”

“केलं हो. चार वेळा केलं. इथे वाऱ्यालासुद्धा नेटवर्क नाही, फक्त या पंचायतीच्या गच्चीवर आहे. म्हाताऱ्या बसमध्ये बसल्यात, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. मी त्यांच्या डोळ्यांची मापं पाठवल्याशिवाय उतरू कशी?”

त्याने पिंपावरचा लॅपटॉप उघडला. नव्या दाराने जायला गेला. फिरतंय, फिरतंय. नकारसुद्धा येत नव्हता, जसं काही दार कधी नव्हतंच. जुनं दार त्याने स्वतःच बुजवलं होतं. जुनी खिडकी त्याने स्वतःच मिटली होती. तेव्हा त्याला वडिलांचे शब्द आठवले.

दोघं असतात ते.

आतल्या पहारेकऱ्याला सांगितलं होतं, पण बाहेरच्या फाटकावर दुसरा होता, फायरवॉल. त्याला अकराशे सोळा नावाचं दार आपल्या घराला आहे, याचा पत्ताच नव्हता. येईल त्याला तो गुपचूप वाटेतच जिरवत होता. आता त्याला सांगायचं, तर यंत्रासमोर जाऊन बसायला हवं. यंत्राच्या खोलीची किल्ली जोगारावच्या जानव्याला होती.

“अम्मा, मापं फोनवर सांगितली तर?” विचारता विचारताच त्याला उत्तर माहीत होतं.

“काय बोलता अन्नय्या! मागच्या साली उजव्या-डाव्याचा घोळ झाला त्यानंतर तोंडी माप कोण घेतंय? तुम्हीच तर नियम लावला.”

नियम त्यानेच लावला होता. मापं सर्व्हरवर आली, की त्यावरून विशाखपट्टणहून निघणाऱ्या गाडीत भिंगं चढतात. ती गाडी संध्याकाळी सुटली, की सुटली. भिंगं नाहीत तर उद्याची ऑपरेशनं नाहीत. डोंगरातल्या म्हाताऱ्या परत पाठवायच्या, आणि परत गेलेली म्हातारी पुन्हा खाली उतरत नाही. उतरवायला कुणी येत नाही.

“थांबव बसला,” तो म्हणाला. “ड्रायव्हरला माझ्या नावाने चहा पाज. मी पोचतोय.”

मांडवाच्या बाजूने स्कूटर काढताना त्याला रंगमंच दिसला. दासू सनकादिक झाले होते, चार बाळं होऊन बोबडं बोलत होते, आणि बायका हसून हसून लोळत होत्या. हसण्यातून त्यांची नजर पहिल्या रांगेकडे गेली, तिथून कडेला, तिथून स्कूटरवर. त्यांचा हात वर होताच, बाळाचा. तो तसाच राहिला. जोगारावला वाटलं, ते जा म्हणतायत. मागाहून त्याने फार वेळा विचार केला, की तो हात जा म्हणत होता की थांब म्हणत होता.

पुलावर गाडी मुंगीसारखी सरकत होती. डोक्यावरून रेल्वे धडधडत गेली, खाली गोदावरी उन्हात पांढरी पडली होती. पुलाच्या मध्यावर, एका बैलगाडीच्या मागे अडकल्यावर, त्याच्याने राहवेना. त्याने कनकमला फोन लावला. तिने कापला. पुन्हा लावला.

“काय हो?” ती कुजबुजली.

“कुठवर आलंय? मी येतोच आहे परत. नान्नांनी विचारलं का काही?”

“ठेवा आधी. पिट्टकथा चालू केलीये त्यांनी.”

पिट्टकथा म्हणजे कथेच्या पोटातली चिमणीएवढी गोष्ट. कथेकरी मध्येच थांबतो, हसवतो, गावातल्या कुणाची तरी फिरकी घेतो, आणि जाता जाता काळजाला हात घालतो. वीरभद्रदासूंची पिट्टकथा ऐकायला लोक तणुकूहून यायचे. ती ते आधी कधी ठरवत नसत आणि पुन्हा कधी सांगत नसत.

जोगारावने फोन ठेवला.

इस्पितळात शनिवारची सामसूम होती. त्याने किल्लीने खोली उघडली, थंड वाऱ्यात यंत्रासमोर बसला, आणि बाहेरच्या पहारेकऱ्याला सांगितलं, बाबा रे, अकराशे सोळा हे आपलंच दार आहे, येऊ दे. दोन ओळी. मग शहाण्या माणसासारखं, जुनी खिडकी न मिटता, नव्या दाराने आत जाऊन बघितलं. उघडलं. एवढंच होतं. आडोशात बसून दुसरी खिडकी उघडायला जेवढा वेळ लागला असता, तेवढाही वेळ लागला नाही.

“गेलं, अन्नय्या!” भूलक्ष्मी गच्चीवरून ओरडली. “सगळं गेलं! म्हाताऱ्या टाळ्या वाजवतायत, कशाला ते त्यांना माहीत नाही. तुमचा आवाज असा का?”

“धावत आलो ना.”

“पाणी प्या. कथा आहे ना आज तुमच्याकडे? माझा नमस्कार सांगा दासूगारूंना.”

तो परतला तेव्हा मांडवात सगळे उभे होते. शेवटची मंगळारती चालली होती. दासूंच्या ओठांतून आवाज असा येतच नव्हता, नुसता वारा येत होता, आणि सगळा मांडव त्यांच्यासाठी गात होता. तबक फिरत फिरत आलं. जोगारावने ज्योतीवर तळवे धरले आणि डोळ्यांना लावले. रंगमंचावरून वडिलांनी त्याला बघितलं. ओठ हलले. काय म्हणाले ते या गावात कुणालाही न ऐकता कळलं असतं.

मग लोक त्याच्याभोवती जमले.

“जोगाराव, आज तुझ्यावर पिट्टकथा केली रे बापाने!” नारळवाला सत्तिबाबू त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला. “पोट धरून हसलो. तो द्वारपाल बघ, रजा मागायला जातो देवाकडे, आणि देव म्हणतो...” तो अडकला. “काय म्हणतो गं?”

“रजा नाही मागत तो,” एक म्हातारी म्हणाली. “लक्ष्मीच ताट घेऊन दाराशी येते. आणि त्याला म्हणते, तू जेवलास का? असं काहीतरी. मला रडूच आलं, पुढचं ऐकलंच नाही.”

“नाही हो आत्या,” तिसरंच कुणीतरी म्हणालं, “ताट वेगळं. शेवटी ते दार कुठे असतं त्यावर होतं ना सगळं.”

मृदंगवाला मृदंगाला गवसणी घालत होता. जोगारावने त्याला विचारलं. तो ओशाळला. “माझं लक्ष तालावर, बाबू. एवढंच सांगतो, शेवटचं वाक्य बोलले आणि दासूगारू थांबले. मी वाजवायला हात उचलला आणि मला वाजवता आलं नाही. एवढ्या वर्षांत ताल सोडला नव्हता मी.”

“वाक्य काय होतं?”

“ते... त्यांनी म्हटलं तसं मला येईल का?”

कनकमने त्याला कोपऱ्यात नेलं, पिशवीतला फोन काढून त्याच्या कानाला लावला. प्रार्थना होती, सात दरवाजे होते, बोबडे सनकादिक होते, लोकांचं हसू होतं. मग दासूंचा फाटका आवाज, “गोविंदो हरी! आता जरा थांबा मंडळी. एक पिट्टकथा सांगतो. वैकुंठाच्या दाराशी एक राखणदार होता. त्याचा बाप...”

आणि संपलं.

“पुढचं?”

कनकमने मान खाली घातली. “तुमचा फोन आला ना. फोन आला की ते बंद पडतं. मी कापला, पण ते पुन्हा चालू नसतं होत आपोआप. मला तेव्हाच कळलं असतं तर बरं झालं असतं.”

त्या रात्री दासू बोलले नाहीत. घसा सुजला होता. पहाटे गाडीत झोपले. विशाखपट्टणला मोठा डॉक्टर, तपासण्या, सह्या. जोगाराव दोनदा त्यांच्या खाटेपाशी जाऊन बसला, विचारावं म्हणून. दोन्ही वेळा नर्स आली. आणि तसंही, ज्याला जे शेवटचे चार शब्द बोलायचे आहेत ते आपल्यासाठी खर्च कर असं कसं म्हणायचं? ऑपरेशनला नेण्याआधी दासूंनी सुनेला जवळ बोलावून सांगितलं, तुळशीला पाणी घाल. ते शेवटचं.

आंबे संपत आले तेव्हा ते घरी होते. गळ्यावर पट्टी, पट्टीखाली छोटं भोक, त्यातून श्वासाची बारीक शीळ. ते दुपारचे दारापुढच्या ओट्यावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत. इस्पितळातलं अकराशे सोळा नंबरचं दार नीट चाललं होतं. धडका थांबल्या होत्या. दोन्ही पहारेकरी जागे होते. तपासनिसांनी चांगला शेरा दिला आणि मोठ्या डॉक्टरांनी जोगारावला पेढा दिला. इम्मानुएल म्हणाला, “अन्नय्या, झोपवला असतास तर कथा मिळाली असती की रे तुला.” आणि मग त्याचं त्यालाच वाईट वाटून म्हणाला, “नाही, तसं नाही म्हणायचं मला.” जोगाराव त्याला समजावून सांगू शकला असता, की आतल्याला झोपवूनही बाहेरचा होताच. त्याने सांगितलं नाही.

एका रविवारी तो ओट्यावर वडिलांच्या पायाशी बसला.

“नान्ना,” तो म्हणाला, “ती पिट्टकथा काय होती?”

दासूंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत एकदम रंगमंचावरचा तो मिस्कीलपणा आला. भिंतीला धरून ते उठले. जोगाराव धरायला गेला तर त्याला त्यांनी बसवलं, पहिल्या रांगेत बसवावं तसं. मग ओट्याच्या कडेला, दाराच्या चौकटीला पाठ लावून, ते ताठ उभे राहिले. एक हात जणू गदेवर. दुसऱ्या हाताची तर्जनी वर. देवळाच्या दाराशी दगडात असतो अगदी तसा द्वारपाल. पापणी हलेना.

मग खूप सावकाश त्या द्वारपालाने मान वळवली. रस्त्याकडून घराकडे. कानामागे हात नेला. आत काहीतरी चाललेलं होतं आणि तो ते ऐकत होता. चेहऱ्यावर एकेक रंग येत गेला. मग तो दचकला, पुन्हा रस्त्याकडे वळला, पुन्हा तर्जनी. मग आतून कुणीतरी आलं. दासू आता ते कुणीतरी झाले, थोडे वाकलेले, म्हातारे, हातात काहीतरी घेऊन. ते द्वारपालाजवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलू लागले.

ओठ हलत होते. गळ्यातून शीळ येत होती. एक वाक्य, लांब वाक्य, मध्ये एक थांबा, मग दोन शब्द. जोगारावने जिवाचा कान केला. ओठ बघितले. डोळे बघितले. त्याला कळलं नाही.

दासूंनी विचारल्यासारखी भुवई वर केली. जोगारावने मान डोलावली. हो, कळलं.

ते हसले, शीळ लांबली. मग ते पुढे आले, रिकामा उजवा हात पसरला, त्यात तबक असल्यासारखा त्याच्यापुढे फिरवला, आणि त्याच्यापाशी थांबवला. जोगारावने दोन्ही तळवे त्या हातावर धरले, डोळ्यांना लावले, आणि ते तिथेच थोडा वेळ राहू दिले.

हात खाली घेतले तेव्हा दासू ओट्यावर टेकले होते. वाकून ते पायात नसलेले घुंगरू सोडत होते.